किरणोपचारातला श्वास-नमुना : खाचाखोचा

रेडिएशन विभागात रुग्णाचा श्वास दोन कारणांसाठी तपासतात. गाठीवर किरणांचा परिणाम होतोय का, याचा अंदाज स्कॅनच्या आधी लागतो का हे पाहायचं, हे एक. गाठीच्या आजूबाजूचं निरोगी फुफ्फुस किती दुखावलंय, हे खोकला आणि धाप सुरू होण्यापूर्वी कळतं का हे पाहायचं, हे दुसरं. पहिलं काम अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. श्वासाचा अहवाल पाहून कुणाचा डोस कमी-जास्त केला जात नाही, आणि संमतिपत्रावर सही घेताना आम्ही ते स्पष्ट सांगतो. दुसऱ्या कामासाठी श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायू मोजतात; त्याची यंत्रं तयार मिळतात, दम्याच्या ओपीडीत ती वापरातही आहेत. अडचण असते ती आकडा वाचण्याची. दोन्ही प्रकारचे नमुने घेण्याचं काम आमच्या हातचं. या विषयावरचं बहुतेक लिखाण यंत्राविषयी असतं आणि नमुना तर बिघडतो यंत्रापर्यंत पोचण्याआधीच, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी श्वासात असतं काय ते. नायट्रोजन, ऑक्सिजन, चार-पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, वाफ, आणि उरलेल्या अगदी थोड्या जागेत शेकडो सेंद्रिय बाष्पं. १९७१ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी गॅस क्रोमॅटोग्राफच्या (मिश्रणातली बाष्पं एकेक वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने श्वासात सुमारे २५० पदार्थ असल्याचं दाखवलं, तिथून हा अभ्यास आधुनिक अर्थाने सुरू झाला. या बाष्पांचं प्रमाण पीपीबीमध्ये, म्हणजे अब्ज भागांत काही भाग, किंवा त्याहूनही कमी असतं. शरीराच्या तापमानाला एक लिटर श्वासात सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असतं आणि आपल्याला हवे असलेले पदार्थ नॅनोग्रॅममध्ये. हे प्रमाण डोक्यात पक्कं बसलं की पुढची सगळी काळजी कशासाठी ते आपोआप समजतं.

किरण पेशीतल्या पाण्याचे तुकडे करतात आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. ते पेशीच्या आवरणातल्या असंतृप्त मेदाम्लांवर तुटून पडतात. त्या मोडतोडीतून ओमेगा-३ मेदाम्लांपासून इथेन सुटतो, ओमेगा-६ पासून पेंटेन, आणि बरोबर हेक्झॅनालसारखी अल्डिहाइडं. इथेन-पेंटेन रक्तात फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे फुफ्फुसात पोचले की लगेच बाहेर पडतात. रॅडिकल स्वतः सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात संपलेले असतात; श्वासात दिसतो तो त्यांचा मागे राहिलेला पसारा, आणि त्यानंतर कित्येक आठवडे चालणारा दाह. खरी गोम इथेच आहे. गाठ मरायला लागली तरी हे पदार्थ सुटतात आणि शेजारचं निरोगी ऊतक पोळलं तरी हेच सुटतात. त्यातच गाठ लहान झाली की तिच्या चयापचयातून येणारे काही पदार्थ कमी व्हायला हवेत. म्हणजे एकाच श्वासात एक रेघ वर जाणार, दुसरी खाली, आणि काही पदार्थांत दोन्ही एकमेकींना खाऊन टाकणार. म्हणून एका नमुन्यावरून काहीच बोलता येत नाही. त्याच रुग्णाची त्याच्याशीच तुलना करायची, एवढा एकच मार्ग हाती राहतो.

त्यामुळे सगळ्यात मोलाचा नमुना पहिला. तो किरण सुरू होण्याआधी दोनदा घेतो : एकदा सिम्युलेशनच्या, म्हणजे उपचाराच्या आखणीच्या, सीटी स्कॅनच्या दिवशी आणि एकदा पहिल्या फ्रॅक्शनच्या (डोसच्या पहिल्या हप्त्याच्या) सकाळी. दोन यासाठी की काहीही उपचार न होता हा माणूस स्वतःच किती वर-खाली होतो, ते त्यातून कळतं. पेंटेन या दोन दिवसांत जितका हलला, त्यापेक्षा कमी बदल पुढे दिसला तर त्याचा अर्थ काढायचा नाही. घाईत दुसरा नमुना वगळायचा मोह सगळ्यांनाच होतो. वगळला तर पुढचे सगळे आकडे हवेत लटकतात.

नंतरचे नमुने आठवड्याला एक, ठरलेल्या वारी, त्या दिवसाचा शेक (किरणांचा डोस) मिळण्याआधी. सोमवार टाळतो, कारण शनिवार-रविवारची सुट्टी झालेली असते आणि सोमवारचा श्वास गुरुवारच्या श्वासाशी जुळत नाही. फुफ्फुसाच्या गाठीसाठी ६० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) ३० फ्रॅक्शनमध्ये, रोज २ ग्रे, आठवड्यात पाच दिवस, असं सहा आठवड्यांचं नेहमीचं वेळापत्रक. पण लिनॅक (किरण देणारं यंत्र) बंद पडलं, रुग्णाच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, गणपतीची सुट्टी आली की ‘चौथा आठवडा’ म्हणजे सगळ्यांच्या बाबतीत ४० ग्रे राहत नाही. नोंदवहीत आठवडा लिहायचाच नाही. त्या क्षणापर्यंत मिळालेला डोस ग्रेमध्ये, आणि शेवटच्या फ्रॅक्शनपासून गेलेले तास, हे दोन रकाने हवेत. स्तनाच्या रुग्णांना आता बऱ्याच ठिकाणी ४० ग्रे १५ फ्रॅक्शनमध्ये देतात. त्यांच्यात तीन आठवड्यांतच सगळं उरकतं, म्हणून त्यांचे आणि फुफ्फुसाच्या रुग्णांचे आकडे एका तक्त्यात घालू नयेत.

रुग्णाची तयारी कागदावर सोपी दिसते : आठ तास उपाशी, दात घासल्याला दोन तास झालेले, धूम्रपान नाही, आल्यावर दहा-पंधरा मिनिटं शांत बसणं. प्रत्यक्षात मशीनवरचा नंबर दुपारी साडेतीनचा असतो आणि मधुमेही माणसाला तोवर उपाशी ठेवणं धोक्याचं आहे. आम्ही मधुमेहींना सकाळचाच नंबर मागून घेतो. तो नाहीच मिळाला तर उपाशीपणाचा आग्रह सोडून प्रत्येक वेळी तोच हलका नाश्ता आणि तेवढंच अंतर ठेवतो. कडक नियम एकदा पाळला आणि तीनदा मोडला, त्यापेक्षा सैल नियम प्रत्येक वेळी सारखा पाळला तर तुलना टिकते.

शांत बसण्याला मात्र सूट नाही. श्वासातला आयसोप्रीन हृदयाच्या ठोक्यांबरोबर झटकन बदलतो. जिना चढून आलेल्या माणसाचा नमुना लगेच घेतला तर आलेखावर आयसोप्रीनचं शिखर पाहून भलतंच काही वाटेल. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी पंधराची वीस मिनिटं करतो आणि नाडी लिहून ठेवतो.

मग प्रश्नांची यादी. यात वेळ जातो, पण निम्मा अभ्यास इथेच वाचतो. आदल्या दिवशी लसूण किती खाल्ला? लसणातला अलाइल मिथाइल सल्फाइड दात घासून जात नाही, तो रक्तातून फुफ्फुसात येतो आणि दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो. घरात डासांची कॉइल, उदबत्ती, चूल? अंगावरची साडी किंवा स्वेटर कपाटातून आजच काढलाय का? डांबरगोळ्यांतला नॅफ्थलीन किंवा डायक्लोरोबेंझीन क्रोमॅटोग्रामवर (क्रोमॅटोग्राफच्या आलेखावर) असा काही उठून दिसतो की नवख्या माणसाला शोध लागल्यासारखं वाटतं. छातीला बाम चोळलाय का? मेंथॉल, कापूर आणि निलगिरीचं तेल, तिन्ही येतात. तंबाखू, मिश्री, विडी हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला तर उत्तर हमखास ‘नाही’ येतं. मुलगा किंवा सून बाहेर गेल्यावर, ‘काका, रागवायला विचारत नाही, हिशेबाला लागतं’ असं म्हणून विचारलं की खरं सांगतात. तरीही श्वासातला असिटोनायट्राइल पाहतोच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या श्वासात तो ठळक असतो आणि सोडल्यावरही काही दिवस रेंगाळतो. २,५-डायमिथाइलफ्युरान हाही धुराचा भरवशाचा साक्षीदार.

हे इतकं ताणून सांगायचं कारण आहे. उपचार सुरू झाला की बरेच जण धूम्रपान सोडतात. मग बेंझीन, डायमिथाइलफ्युरान, असिटोनायट्राइल हे सगळे आठवड्यागणिक उतरत जातात, आणि त्याच आठवड्यांत गाठीवरही किरण पडत असतात. संगणकाला दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. ‘किरणांना प्रतिसाद देणारा पदार्थ’ म्हणून एखादं नाव पुढे आलं की पहिल्यांदा हा पदार्थ धुरात असतो का ते पाहावं.

आता साहित्य. नमुना पिशवीत घ्यायचा की नळीत, हा पहिला निर्णय. टेडलार या प्लॅस्टिकच्या पिशव्या स्वस्त आणि सोप्या, पण त्या स्वतः फिनॉल आणि डायमिथाइल असिटामाइड सोडतात, आणि वाफ आत दवासारखी धरते. काही तासांत पदार्थ भिंतीला चिकटतात किंवा गळतात. आम्ही पिशवी फक्त प्रशिक्षणासाठी वापरतो. खरा नमुना शोषक नळीत : स्टेनलेस स्टीलची, ८९ मिलिमीटर लांब, पाव इंच बाहेरच्या व्यासाची, आत टेनॅक्स टीए ही बाष्पं धरून ठेवणारी भुकटी सुमारे २०० मिलिग्रॅम. टेनॅक्स पाणी फारसं धरत नाही, म्हणून श्वासाला योग्य. पण पेंटेन, आयसोप्रीन, असिटोन असे हलके पदार्थ त्यातून आरपार निघून जातात, म्हणून मागे ग्रॅफाइटी कार्बनचा दुसरा थर असलेली नळी घ्यावी. टेनॅक्स नेहमी श्वास आत येतो त्या बाजूला. इथेन दोन्ही थरांत टिकत नाही. इथेन हवाच असेल तर त्याची लेझरवर किंवा अतिथंड सापळ्यात वेगळी व्यवस्था करावी लागते. टेनॅक्सच्या नळीतून इथेन मोजल्याचं कुणी सांगितलं तर पुढे ऐकू नये.

नळीवर बाण कोरलेला असतो. नमुना बाणाच्या दिशेने घ्यायचा आणि तापवून सोडवताना वायू उलट्या दिशेने सोडायचा. नळी उलटी बसली की जड पदार्थ दुसऱ्या थरात जाऊन अडकतात आणि सुटत नाहीत. नळीवर स्टिकर लावू नका, मार्करने लिहू नका. मार्करची शाई म्हणजे द्रावकच. कोरलेला क्रमांक वहीत पेन्सिलीने उतरवायचा.

वापरण्याआधी नळ्या शुद्ध हेलियम किंवा नायट्रोजनच्या प्रवाहात ३०० अंश सेल्सियसच्या जरा वर तास-दीड तास तापवतो. टेनॅक्सला ३५० च्या पुढे नेत नाही. थंड झाल्या की दोन्ही टोकांना टेफ्लॉनच्या फेरुलची (आतल्या कड्याची) पितळी टोपणं, हाताने घट्ट आणि मग पान्याने पाव फेरा. जास्त आवळलं की फेरुल चेपतो आणि पुढच्या वेळी गळतो. दर खेपेतल्या काही नळ्या रिकाम्याच चालवून पाहतो. त्यांच्यावर बेंझाल्डिहाइड किंवा असिटोफिनोन वाढलेला दिसला तर टेनॅक्स थकलाय किंवा त्याला ओझोन लागलाय. लिनॅकच्या खोलीत हवेवर किरण पडून थोडा ओझोन बनतो, म्हणून नमुना त्या खोलीत किंवा तिच्या दाराशी घेत नाही. प्रतीक्षाकक्षही नाही, तिथे फिनाइलचा पोछा फिरत असतो.

आमची खोली लहान, खिडकी बंद, सॅनिटायझरची बाटली बाहेर. हा एक नियम पाळून घेणं सर्वांत कठीण. सिस्टर सवयीने हात चोळत आत येतात आणि इथेनॉल-आयसोप्रोपेनॉलचं शिखर इतकं वर जातं की त्याच्या शेजारचं काही वाचता येत नाही. त्यामुळे हात साबणाने धुवायचे आणि पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घालायचे.

जोडणी अशी : तोंडात धरायची एकदाच वापरायची नळी, तिला जिवाणू-विषाणू गाळणी, पुढे दोन एकमार्गी झडपा. आत येणारी हवा सक्रिय कोळशाच्या गाळणीतून येते, बाहेर जाणारा श्वास गरम ठेवलेल्या मार्गातून जातो. मार्ग ४० अंशांच्या जरा वर हवा, नाहीतर वाफेचं पाणी होऊन अल्डिहाइडं त्यातच बसतात. बाहेरच्या मार्गावर कार्बन डायऑक्साइड मोजणारा संवेदक असतो. श्वासाचे पहिले सुमारे १५० मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकेतली हवा असते. तिचा रक्ताशी संबंध आलेला नसतो. संवेदकावर ३ टक्क्यांच्या वर आकडा गेला की झडप उघडते आणि पंप नळीतून श्वास ओढतो, खाली आला की बंद. पंपाचा वेग मिनिटाला २०० मिलिलिटर. सलग ओढलं असतं तर एक लिटर पाच मिनिटांत झालं असतं. झडप साधारण चाळीस टक्के वेळच उघडी असते, म्हणून बारा-तेरा मिनिटं लागतात. खोकणाऱ्या रुग्णाला वीससुद्धा. दोन नळ्या शेजारी-शेजारी भरतो, कारण नळी तापवली की नमुना एकदाच मिळतो. यंत्र मध्येच थांबलं तर दुसरी संधी नाही.

पंपाचा वेग नमुन्याआधी आणि नंतर, नळी जोडलेली असताना मोजतो. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर नमुना बाद. गळती पाहायला तोंडाकडची बाजू अंगठ्याने बंद करायची. वेग शून्यावर यायला हवा.

सुरुवातीची तीन-चार मिनिटं रुग्ण गाळलेल्या हवेवर नुसता श्वास घेतो. यात फुफ्फुसातली खोलीची हवा धुऊन निघते. चरबीत साठलेले प्रदूषक मात्र तासन्‌तास बाहेर येत राहतात, त्यांना काही मिनिटांचा उपयोग नाही. त्यामुळे प्रत्येक रुग्णामागे एक नळी खोलीच्या हवेची, तेवढीच एक लिटर. खोलीतला आकडा श्वासातून सरळ वजा करणं मात्र आम्ही टाळतो. काही पदार्थ आत जाऊन शरीरात मुरतात, काहींचा समतोल व्हायला वेळ लागतो, आणि वजाबाकीत ऋण आकडे येतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवतो आणि खोलीत ज्याचं प्रमाण श्वासाएवढंच आहे तो पदार्थ यादीतून काढतो.

सूचना थोडक्यात द्याव्यात. ‘मावशी, फुंकर मारायची नाही, मोठा श्वासही घ्यायचा नाही, घरी टीव्ही बघताना घेता तसा घ्या.’ जोरात श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बाकी पदार्थही पातळ होतात. श्वासाच्या शेवटी तो साडेचार ते साडेपाच टक्क्यांच्या दरम्यान टिकला तर ठीक. चारच्या खाली जायला लागला की पंप थांबवून गप्पा मारायच्या, मग पुन्हा सुरू.

तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचं वेगळं. तंबाखू-सुपारीमुळे त्यातल्या अनेकांचं तोंड जेमतेम एक बोट उघडतं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आलेलं असतं; प्लॅस्टिकची नळी ओठांत धरवत नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून मास्क लावतो. मास्कमध्ये नाकाचा श्वासही येतो, म्हणून मध्येच नळीवरून मास्कवर जायचं नाही. सिलिकोनचा मास्क सिलोक्सेन सोडतो. तो यंत्रात ७३, २०७, २८१ या वस्तुमानांच्या तुकड्यांवरून ओळखू येतो. गळ्याला छिद्र केलेल्या रुग्णांना आम्ही अभ्यासात घेत नाही.

याच रुग्णांत दुसरा सापळा असतो. गिळता येत नाही, खाणं तुटतं, वजन उतरतं, आणि श्वासात असिटोन चढतो. तो उपासमारीचा असिटोन आहे. नाकातून नळी घालून आहार सुरू केला की तो उतरतो. त्या आठवड्यात गाठही लहान झालेली असते, आणि आलेख पाहणारा खूश होतो. वजन, आहाराची नळी कधी घातली ती तारीख, गुळण्या कोणत्या बदलल्या, बुरशीवरचं औषध कधी सुरू झालं, हे सगळं म्हणूनच लिहायचं. केमोथेरपीचंही तसंच. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या नेहमीच्या द्रावणात जवळजवळ निम्मा अल्कोहोल असतो, तो श्वासात येतो. उलटी होऊ नये म्हणून देतात त्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडबद्दल पुढे लिहितो, त्याने तर नायट्रिक ऑक्साइडची चाचणी पार झोपते.

भरलेल्या नळ्या टोपणं लावून ४ अंशांवर, स्वतंत्र फ्रिजमध्ये. अभिकर्मकांच्या फ्रिजमध्ये किंवा डब्यांच्या फ्रिजमध्ये नाही. प्रयोगशाळेत पोचल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायच्या नाहीत. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत थंड नळी उघडली की आत लगेच पाणी धरतं. तापवण्याआधी कोरड्या नायट्रोजनचा हळू प्रवाह काही मिनिटं नमुन्याच्या दिशेने सोडून पाणी काढतात. तरी पाणी राहिलंच तर थंड सापळ्यात बर्फ होऊन मार्ग तुंबतो. नळी २८० अंशांच्या आसपास तापवून पदार्थ सापळ्यात, तिथून झटक्यात तापवून कॉलममध्ये (पदार्थ वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफच्या लांब नळीत), पुढे मास स्पेक्ट्रोमीटर, तो तुकड्यांच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखतो. इथे एकच इशारा देतो : पेंटेन ३६ अंशांना उकळतो, आयसोप्रीन ३४ ला. काही कॉलमवर दोघं एकत्र बाहेर पडतात, आणि श्वासात आयसोप्रीन कितीतरी जास्त असतो. पेंटेनचे जुने मोठे आकडे त्यामुळे संशयाने वाचावेत. आयसोप्रीनसाठी ६७-६८ आणि पेंटेनसाठी ७२ ही वस्तुमानं वेगळी पाहून, दोन्हींचे शुद्ध नमुने चालवल्याशिवाय पेंटेन हा शब्द अहवालात येऊ नये.

यंत्र महिन्यागणिक थोडं सरकतं. एकाच रुग्णाचे सुरुवातीचे नमुने जूनमध्ये आणि शेवटचे ऑगस्टमध्ये चालवले तर यंत्राचं सरकणं हाच ‘प्रतिसाद’ होऊन बसतो. सगळे एकत्र चालवावेत तर पहिल्या नळ्या दोन महिने फ्रिजमध्ये राहतात, आणि आम्ही दोन आठवड्यांच्या पुढे भरवसा ठेवत नाही. यातून पूर्ण सुटका नाही. प्रत्येक नळीत ड्युटेरियमयुक्त टोल्युइनसारखं अंतर्गत प्रमाण (तुलनेसाठीचा माहीत असलेला पदार्थ) ठरावीक मात्रेत सोडायचं, दर दहा नळ्यांमागे माहीत असलेलं मिश्रण चालवायचं आणि त्या दिवशी नळ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा.

आकडेमोडीबद्दल थोडंच. एका नमुन्यात २५० शिखरं धरली आणि पाच टक्क्यांचा नेहमीचा निकष (योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांहून कमी) लावला, तर काहीही घडलेलं नसतानाही बारा-तेरा शिखरं ‘बदललेली’ निघणार. वीस-पंचवीस रुग्णांच्या अभ्यासात ९५ टक्के अचूकतेचा दावा दिसला की तो दुसऱ्या रुग्णालयातल्या रुग्णांवर तपासलाय का, एवढंच पाहावं.

आता सुरुवातीला सांगितलेलं दुसरं काम, नायट्रिक ऑक्साइड. छातीवर किरण पडल्यावर साधारण एक ते सहा महिन्यांत काहींना फुफ्फुसदाह होतो : कोरडा खोकला, धाप, बारीक ताप. दाह झालेली श्वासमार्गाची आवरणं नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतात, म्हणून तो मोजायचा. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रात अन्ननलिकेच्या आणि फुफ्फुसाच्या रुग्णांवर असा अभ्यास झाला आहे. तिथेही भर होता तो त्याच रुग्णाच्या आधीच्या आकड्याशी गुणोत्तरावर. दम्यासाठी प्रौढांत २५ पीपीबीच्या खाली कमी आणि ५० च्या वर जास्त असं धरतात, त्या रेषा इथे लावू नयेत. सुरुवातीला १२ असलेला माणूस २४ वर गेला तर दम्याच्या तक्त्यात तो ठणठणीत. आमच्या वहीत तो दुप्पट झालेला असतो.

चाचणी दिसायला सोपी. नायट्रिक ऑक्साइड काढलेली हवा पूर्ण आत घ्यायची आणि सेकंदाला ५० मिलिलिटर या स्थिर वेगाने दहा सेकंद सोडायची. थोड्या दाबाविरुद्ध सोडावं लागतं, त्याने टाळूचा मागचा पडदा बंद राहतो. नाहीतर नाकातला वायू मिसळतो, आणि नाकात तो कितीतरी पट जास्त असतो. नाक चिमट्याने बंद करायचं नाही. वेग वाढला की आकडा पडतो, कमी झाला की चढतो. ज्यांना दहा सेकंद जमत नाहीत त्यांना सहा सेकंदांची सोय असलेलं यंत्र द्यावं आणि शेवटपर्यंत तेच ठेवावं. दोन वाचनं दहा टक्क्यांच्या आत आली की सरासरी घ्यायची. स्पायरोमेट्री त्याच दिवशी असेल तर ही चाचणी आधी; जोरजोरात फुंकल्यावर आकडा काही वेळ खाली बसतो. आदल्या रात्रीची पालकाची भाजी, बीट यांतल्या नायट्रेटने तो वाढतो. धूम्रपानाने कमी होतो, म्हणजे सिगारेट सोडलेल्याचा आकडा दाह नसतानाही वर सरकू शकतो.

आणि स्टिरॉइड. केमोच्या दिवशीचं डेक्सामेथासोन, मेंदूतल्या सुजेसाठीचं, किंवा दाह झाल्यावर सुरू केलेलं प्रेडनिसोलोन, सगळ्यांनी आकडा उतरतो. उपचार सुरू झाल्यावर उतरलेला आकडा म्हणजे फुफ्फुस बरं झालं असं नव्हे. आम्ही केमोच्या आदल्या दिवशीचा नमुना धरतो आणि गोळ्यांची पाकिटं प्रत्यक्ष पाहतो, कारण ‘खोकल्याची पांढरी गोळी’ यात काहीही येतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही : छातीवर शेक घेतलेल्या माणसाचा खोकला क्षयाचाही असू शकतो. आकडा काहीही असो, थुंकीची तपासणी सुटत नाही. कार्बन मोनॉक्साइडने फुफ्फुसाची वायू ओढण्याची क्षमता मोजतात ती चाचणीही याच रुग्णांत होते. तिथे त्या दिवशीचं हिमोग्लोबिन घालून दुरुस्ती केली नाही तर केमोमुळे आलेला रक्तक्षय फुफ्फुसाच्या खात्यावर चढतो.

या सगळ्याच्या मानाने ओटीपोटावर शेक घेतलेल्या बायकांना जुलाबासाठी देतात ती हायड्रोजन चाचणी किती सरळ आहे. आदल्या दिवशी पांढरा भात आणि अंडं. भाकरी, उसळ, कांदा, दूध नाही. सकाळी पाण्यातून ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी फुंकर. ९० मिनिटांत हायड्रोजन मूळ आकड्यापेक्षा २० पीपीएम (दशलक्ष भागांत २० भाग) चढला तर लहान आतड्यात जिवाणू माजलेत असं धरतात. ती चालते याचं कारण एकच वायू, पीपीएममध्ये, आणि तो निघावा म्हणून आपणच मोजून साखर दिलेली. गाठीच्या श्वासाला अशी कळ अजून कुणाला सापडलेली नाही. जे आपोआप निघेल ते पीपीबीमध्ये चाळत बसावं लागतं.

शेवटचे दोन नमुने उपचार संपल्यावर सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. गाठीच्या मापांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली की अंशतः प्रतिसाद, हा निकष सीटीवर तेव्हाच लावतात, आणि आमचे आकडे त्याच्याशीच ताडून पाहायचे असतात. नेमके इथे रुग्ण गळतात. बीड-परभणीहून आलेला माणूस फक्त श्वास द्यायला परत येत नाही, आणि ज्यांची तब्येत बिघडलीय ते तर मुळीच येत नाहीत. उरलेल्यांचे आकडे मग उगाच चांगले दिसतात. म्हणून नमुन्याची वेगळी तारीख आता देत नाही. सीटीच्या तारखेलाच बोलावतो, सीटीसाठी ते उपाशीच आलेले असतात, आणि कॉन्ट्रास्टची सुई टोचण्याआधी, स्पिरिटचा बोळा उघडण्याआधी, नळी भरून घेतो.